चिठ्ठीवरचे आकडे

३, सोमवार

आधी एक चूक दुरुस्त करते. शुक्रवारच्या पानावर मी लिहिलं आहे की 'आज नव्या बांधल्या जाणाऱ्या शाळेच्या कॉलमचे सहा क्यूब फोडले'. मी काहीही फोडलेलं नाही. क्यूब मामांनी फोडले. मी त्यांच्या चिठ्ठीवरून आकडे रजिस्टरात उतरवले आणि 'नोंद करणार' या रकान्यात सही केली. स्वतःच्याच वहीत स्वतःला मोठं करून दाखवायचं म्हणजे कमाल झाली. यापुढे जे केलं तेवढंच लिहीन.

कॉलेजच्या काँक्रीट लॅबमधलं हे काम मिळून मला दोन महिने झाले. रोज दुपारी दोन ते पाच. बाहेर जिथे बांधकाम चालू असतं तिथून काँक्रीटचे नमुने आमच्याकडे येतात. वीतभराहून थोडे लहान चौकोनी ठोकळे, म्हणजेच क्यूब, एकेक आठ किलोचा. ओतल्यापासून अठ्ठावीस दिवस ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे, मग यंत्राखाली दाबून फोडायचे आणि फुटण्याआधी किती भार पेलला ते लिहायचं. फोडायचं काम सकाळी, मी यायच्या आधी होतं. यंत्र मामांकडे, रजिस्टर माझ्याकडे. मामा म्हणजे लॅबचे जुने अटेंडंट, सगळ्या कॉलेजचे मामा.

निवड करताना लॅबप्रमुख सर म्हणाले होते की मुलींचं अक्षर चांगलं असतं आणि मुली चोख असतात, म्हणून रजिस्टरवर मुलगीच हवी. मला टेबल आहे, खुर्ची आहे, कपाटाची किल्ली आहे. आईने हे गल्लीभर सांगून झालंय. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि खुर्चीत बसून काम करणारीही पहिलीच.

आज ताई आली होती. ती शेवटच्या वर्षाला आहे, माझ्या आधी रजिस्टर तिच्याकडे होतं. सगळेच तिला ताई म्हणतात, सरसुद्धा. माझ्याकडे न बघता ती थेट टाकीपाशी गेली, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून ठोकळे चाचपत राहिली. काय शोधतेस विचारलं तर म्हणाली, माझे प्रोजेक्टचे क्यूब. तिचे क्यूब टाकीच्या डाव्या टोकाला आहेत. ती उजवीकडे उभी होती.

५, बुधवार

ताई पुन्हा आली. यावेळी पेनाने तळहातावर काहीतरी लिहून घेतलं. ती गेल्यावर मी रजिस्टरची पानं मोजली. दोनदा. सगळी आहेत.

मोजताना तिच्या काळातली पानं वाचली. तिचे भाराचे सगळे आकडे शून्यात नाहीतर पाचात संपतात. ६१०, ५९५, ६४०. गोल करून लिहायची सवय असणार. माझी पानं बघितली तर ६४३, ६२८, ६५७. एकही आकडा ओढूनताणून बसवलेला नाही. सरांनी रजिस्टर तिच्याकडून का काढून घेतलं ते मला आज कळलं. प्रोजेक्टला वेळ मिळावा म्हणून मीच सोडलं, असं ती सांगते.

६, गुरुवार

प्रॅक्टिकलला आमच्या गटात चार मुलं आणि मी. मुलांनी सिमेंट मळलं, साचे भरले, यंत्राचा दांडा ओढला. माझ्याकडे वही आपोआप आली. एकजण म्हणाला, "हेडक्लार्क, आमची पण हजेरी लावा." मी हसले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मी लिहिलेली वही सगळा वर्ग उतरवून घेतो.

नंतर जिना उतरताना लक्षात आलं की तीन वर्षांत मी एकाही मोठ्या यंत्राला हात लावलेला नाही. कोणी अडवलं नाही. कोणी बोलावलंही नाही.

९, रविवार

घरी फोन. बाबा गवंडीकाम करतात, त्यांना माझं काम समजावून सांगायला फार लागत नाही. ते म्हणाले, तुमच्या लॅबची धास्ती असते म्हणून साइटवर माल नीट मिसळला जातो. ठेकेदार वाळू जास्त टाका म्हणाला की मुकादम सांगतो, क्यूब जायचेत, गप बस. मला इतका अभिमान वाटला की सरांना सांगावंसं वाटलं.

आईने फोन हिसकावून घेतला आणि विचारलं, खुर्ची पाठीची आहे की नुसतं स्टूल.

१०, सोमवार

ताईने आज टेबलाला टेकून विचारलं, "तू स्वतः कधी क्यूब फोडलायस?"

नाही म्हटलं.

"डायल तरी बघितलीस जवळून?"

म्हटलं, डायल मामा बघतात, माझं काम लिहायचं. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, जशी मोठी माणसं लहान मुलाच्या चुकलेल्या गणिताकडे बघतात. मग म्हणाली, "सही करतेस ना? मग जरा बघून कर."

ही धमकी आहे. दुसरा अर्थ काय असणार? काहीतरी करून माझ्या रजिस्टरात खोट काढायची, आणि मग सर पुन्हा तिलाच बसवतील.  पाण्याचं तापमान मी दोनदा चुकीचं लिहिलं.

११, मंगळवार

सरांना सांगितलं. शब्द न शब्द खरा सांगितला. ताई टाकीत हात घालते, तळहातावर आकडे लिहून नेते, मला सहीवरून बोलली. सर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले आणि म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आणखी कोणाजवळ बोललीस?" नाही म्हटल्यावर माझ्यासाठी चहा मागवला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

साडेचारला दारावर कागद लागला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी परवानगीशिवाय लॅबमध्ये येऊ नये. शेवटच्या वर्षाचं लॅबमध्ये येणारं माणूस एकच आहे.

सगळं खरंच सांगितलं, तरी जाताना तो कागद मी तीनदा वाचला. का ते कळत नाही.

१४, शुक्रवार

ताई दारात आली, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता उभी राहिली. तिच्या प्रोजेक्टच्या क्यूबचे अठ्ठावीस दिवस आज भरत होते. मामांनी सांगितलं की सर म्हणालेत, क्यूब मामाच फोडतील आणि तिला चिठ्ठी देतील.

ती म्हणाली, "मला चिठ्ठी नको, मामा. तुमची चिठ्ठी मला नको."

मामा दुसऱ्या कोणाला बोलले असते. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला पोरीने असं बोलायचं? पण ते खाली बघत राहिले आणि डाव्या हाताने उजवा खांदा चोळत राहिले. ताई गेल्यावर मी म्हटलं, किती उद्धट आहे. मामा म्हणाले, "नाही गं. ती पोर सरळ आहे." आणि बाहेर गेले.

म्हणजे मामांनाही तिने फितवलंय. आता लॅबमध्ये मी एकटी पडले आहे.

१८, मंगळवार

हे नीट क्रमाने लिहिते.

मामा आज रजेवर होते, खांदा दाखवायला दवाखान्यात गेले होते. मी टाकीचं तापमान घेत असताना थर्मामीटर हातातून सुटलं आणि तळाशी गेलं. बाही वर करून हात घातला. थर्मामीटरच्या आधी ठोकळा लागला. त्याच्यावर रंगाने आकडा लिहिलेला होता, क ४१. शाळेच्या कॉलमचे क्यूब क ४१ ते क ४६. ते गेल्या महिन्याच्या एकतीस तारखेला फुटले आहेत. माझ्या अक्षरात फुटले आहेत, सहीसकट.

सहाही तिथे आहेत. अख्खे.

पहिला विचार लिहिते, कारण तो आला होता. वाटलं, हे ताईचं काम. तिने नवे ठोकळे ओतले, त्यांच्यावर तेच आकडे रंगवले आणि मला अडकवायला टाकीत ठेवले. पंधरा मिनिटं मी यावर विश्वास ठेवला. मग एक बाहेर काढला. दोन हात लागले आणि कुर्ता कमरेपर्यंत ओला झाला. त्याच्यावर चुन्याचा पांढरा थर बसलेला, जसा महिनाभर पाण्यात राहिलेल्या क्यूबवर बसतो. असा थर ताईला चार दिवसांत रंगवता येणार नाही.

मी त्याला परत पाण्यात ठेवलं. का ठेवलं? कोणी बघू नये म्हणून.

तीन तारखेला मी या वहीत दुरुस्ती केली होती की क्यूब मामांनी फोडले. तीही चूकच होती. मी मामांना फोडताना बघितलं नव्हतं. चिठ्ठी बघितली होती.

१९, बुधवार

आज दोनच्या आधी लॅब उघडली आणि यंत्रासमोर उभी राहिले. डायल जवळून बघितली.

तिच्यावर दहा-दहाच्या रेघा आहेत. काटा दोन रेघांच्या मधोमध थांबला तर पाच म्हणता येईल. त्याहून बारीक काही वाचता येत नाही. ६४३ असा आकडा हे यंत्र सांगूच शकत नाही. ६२८ सांगू शकत नाही. ६५७ नाही.

रजिस्टर काढून बसले. ताईचं शेवटचं पान संपतं तिथपर्यंत सगळे आकडे शून्यात आणि पाचात. माझ्या पहिल्या पानापासून तीन, आठ, सात, नऊ. दोन महिने मी ते सुवाच्य अक्षरात लिहिले, बेरजा केल्या, सरासरी काढली, दशांशचिन्हं एकाखाली एक आणली. यंत्रासमोर एकदा उभी राहिले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. माझ्या खुर्चीपासून यंत्र नऊ पावलांवर आहे. मी मोजली.

आणि ताईला मी काय म्हटलं होतं ते मागच्या पानांवर आहे. ती पानं फाडावीशी वाटतायत. फाडणार नाही.

२०, गुरुवार

मामांना विचारलं. मला वाटलं होतं ते चिडतील. ते स्टुलावर बसले आणि उजवा हात वर करून दाखवला. छातीपर्यंत आला आणि थांबला. "याच्या पुढे जात नाही, पोरी."

यंत्राची मोटर सुट्टीत जळली. तेव्हापासून दांडा हाताने ओढायला लागतो, एका क्यूबला शंभरदा तरी. मामांनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, मोटरचा अर्ज वर गेलाय, तोवर चालवून घ्या. मशीन बंद आहे असं बाहेर कळलं तर लॅबची मान्यता जाईल. मामांनी चालवून घेतलं. टाकीचं पाणी थोडं उतरवायचं, क्यूब तिथेच हातोडीने ठोकायचे, आवाज ऐकायचा आणि आकडा लिहायचा. ठोकळे टाकीतून उचलायलाही हात चालत नाही म्हणून ते तिथेच राहिले. चाळीस वर्षं आवाज ऐकतोय, असं ते म्हणाले, दहाचा फरक पडत नाही.

मी विचारलं, मग तीन आणि सात कुठून आले. ते जरा ओशाळले. "गोल आकडा दिसला की संशय येतो ना माणसाला." मग माझ्या टेबलाकडे बघून म्हणाले, "आणि तुझ्या अक्षरात उतरलं की मलासुद्धा खरं वाटायचं."

दांडा ओढायला एखाद्या विद्यार्थ्याला का नाही सांगितलं, असंही मी विचारलं. मुलांचे तास असतात, म्हणाले. आणि मुलींना हे काम कोण सांगणार?

त्यांची सात महिन्यांची नोकरी उरली आहे. हे त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत आहे.

२१, शुक्रवार

सरांच्या केबिनमध्ये गेले होते. वाक्य पाठ करून गेले होते. तोंडून एवढंच निघालं की सर, मामांचा खांदा दुखतो, यंत्राचे आकडे...

सरांनी मला वाक्य संपवू दिलं नाही. "यंत्र मामांकडे, कागद तुझ्याकडे. ज्याने त्याने आपलं बघावं." पुढे म्हणाले की शाळेच्या स्लॅबचे क्यूब येत्या गुरुवारी अठ्ठावीस दिवसांचे होतात, शुक्रवारी सकाळी शाळेचा माणूस रिपोर्ट न्यायला येईल, तयार ठेव. मी उभीच राहिले. तेव्हा त्यांनी पेपरवेट फिरवला. "ताईचा त्रास होत होता ना तुला? बंद केला की नाही मी? हे टेबल मागणाऱ्या मुली पुष्कळ आहेत."

सरांना माहीत आहे. किती माहीत आहे ते कळू नये म्हणून ते लॅबमध्ये येत नाहीत, असं मला वाटतं. रिपोर्टवर त्यांची सही खाली असते, 'नोंदीनुसार' या शब्दाच्या पुढे. नोंद कोणाची, तर माझी.

दिवसभर मी स्वतःला हेच विचारत होते की त्यांना चोख मुलगी नक्की कशासाठी हवी होती.

२३, रविवार

बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, क्यूब कमी भाराला फुटला तर साइटवर काय होतं. ते म्हणाले, काय होणार, तोडून परत ओततो. शिव्या खातो आणि ओततो. मग विचारलं, आणि कोणी क्यूब फोडलाच नाही तर? बाबा हसले. "मग कशाला पाठवायचे गं? आम्हाला काय ठोकळ्यांची हौस आहे?"

शाळेच्या कॉलमचा रिपोर्ट गेला आहे. त्या कॉलमवर स्लॅबही ओतून झाली आहे. काँक्रीट चांगलं असेलही. मामांचा कान खरा असेलही. मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी लिहून दिलं आहे.

आईला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, मावशीच्या मुलीलाही तुझ्यासारखं टेबलाचं काम मिळेल का बघ.

२४, सोमवार

ताईला कँटीनमध्ये गाठलं. पाठ केलेली माफी अर्धी म्हटली आणि रडू आलं. तिने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला आणि मी नाक पुसेपर्यंत थांबली.

मी म्हटलं, तू मला सरळ का नाही सांगितलंस?

"सरळ सांगितलं असतं तर तू धावत सरांकडे गेली असतीस."

"मी तशीही गेले."

"हो ना. म्हणजे अंदाज माझाही चुकतो."

तिला संशय आला होता तो सुट्टीनंतर, माझ्या पानावरचे तीन आणि सात बघून. पण तिच्याकडे पुरावा नव्हता, म्हणून टाकीतले आकडे तळहातावर लिहून नेत होती. सरांच्या वर जाऊन तक्रार करणार होती. मग दारावर कागद लागला. तिचे स्वतःचे क्यूब अजून टाकीतच आहेत, दिवस उलटून गेलेत, प्रोजेक्ट अडकलंय. हे सगळं माझ्यामुळे. तिने तसं म्हटलं नाही. बशीतला शेवटचा बिस्किटाचा तुकडा मला दिला, त्याने जास्त लाज वाटली.

मी विचारलं, आता काय करू. ती म्हणाली, "माफी राहू दे. दांडा ओढता येतो का?"

मग टेबलावर ग्लास, बशी आणि चमचा मांडून तिने सगळं शिकवलं. क्यूब पुसून मधोमध ठेवायचा, ओतताना जी बाजू वर होती ती कुशीवर. भार एका लयीत चढवायचा, मध्ये दम घ्यायला थांबायचं नाही. काटा मागे फिरला की लाल काटा जिथे राहिला तो आकडा. शेजारच्या टेबलावरची मुलं बघत होती. एकजण म्हणाला, हेडक्लार्कचा क्लास चाललाय. ताई म्हणाली, "बस तू पण, फी घेत नाही." तो बसला नाही.

ताईवर माझा पूर्ण विश्वास बसला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तिला लॅबमध्ये परत यायचंय आणि माझ्या हातून दार उघडलं तर तिचा फायदाच आहे, हा विचार परतीच्या वाटेवर आला. पण डायलवरच्या रेघा ताईने आखलेल्या नाहीत.

२५, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत दांडा ओढून बघितला, रिकाम्या यंत्रावर. विसाव्या ओढीला दंड भरून आला. मामा कधी येऊन मागे उभे राहिले कळलं नाही. मी थांबले. ते काही विचारतील असं वाटलं, किंवा सरांना जाऊन सांगतील. त्यांनी माझा डावा पाय बुटाने थोडा पुढे सरकवला.

"पाठीतून ओढू नको. पायातून जोर घे. नाहीतर माझ्यासारखं होईल."

साठ झाल्या. तळहाताला दोन फोड आले आहेत.

जाताना मामा म्हणाले, गुरुवारी मी रजा टाकू का? मी म्हटलं, नका टाकू. मला चिठ्ठीशिवाय लिहायचंय, पण तुम्ही काटा बघायला हवेत. एकटीने वाचलेला आकडा कोण मानेल? त्यांनी डायलची काच रुमालाने पुसली. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. सर आणि मामा रोज संध्याकाळी फाटकापाशी बोलतात, तेही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

२६, बुधवार

सरांनी रिपोर्टचा कोरा कागद पाठवला आहे. त्याच्यावर पेन्सिलीने बारीक अक्षरात सहा आकडे लिहिलेले आहेत. अक्षर कोणाचं ते मी ओळखत नाही. मामांचं नाही. सहाही आकडे शून्यात नाहीतर पाचात संपतात. म्हणजे माझ्याबद्दल फाटकापाशी कोणीतरी बोललं, किंवा मी गेल्या बुधवारी रजिस्टर काढून बसले तेव्हा कोणीतरी बघितलं. कोण, ते शोधायचा मोह होतोय. आता नाही. शोधत बसले तर उद्याचा दिवस त्यातच जाईल.

कागद मी पेन्सिलीच्या आकड्यांसकट वहीत ठेवला आहे.

काय करायचं ते ठरवलं आहे. सकाळचा तास बुडवणार, पहिल्यांदाच. स्लॅबचे सहा क्यूब टाकीतून मी काढणार, मी पुसणार, मी फोडणार, आणि लाल काटा जिथे राहील तेच लिहिणार. कमी आला तर कमी. नंतर कॉलमचे क ४१ ते क ४६, वय पंचावन्न दिवस असं स्पष्ट नोंदवून. मग एकतीस तारखेच्या पानावर काही न खोडता खाली लिहिणार की हे क्यूब त्या दिवशी फोडले नव्हते, आणि सही करणार. त्या पानाची नक्कल शाळेच्या माणसाला, एक प्राचार्यांच्या ऑफिसात. ताईच्या परवानगीचा अर्जही त्यांनाच. मामांच्या खांद्याबद्दल आणि जळलेल्या मोटरबद्दल वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात दोष कोणाचा ते लिहिलेलं नाही, तारखा लिहिल्या आहेत.

संध्याकाळपर्यंत टेबल राहणार नाही, हे धरून चालले आहे. आईला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

सर साडेअकराला येतात. एका क्यूबला दहा मिनिटं धरली तर स्लॅबचे सहा त्याच्या आत व्हायला हवेत. म्हणून उद्या, गुरुवार, २७ तारीख, सकाळी ठीक दहा वाजता.